शांत पाण्याचा महिना

९ ऑगस्ट

डॉक्टरांनी आज मला एकटीलाच आत बोलावलं. हे बाहेर वजनकाट्यापाशी रांगेत होते. हृदय थकलंय म्हणाले. चार वर्षं मशीनवर रक्त धुतलं जातंय, त्याचा भार कुठेतरी पडणारच. किडनी मिळेलही, नाही असं नाही — "पण कुठे जायचं-यायचं असेल तर या वर्षात उरकून घ्या." उरकून घ्या! घराचं रंगकाम असल्यासारखं.

बाहेर आले तर ह्यांनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, मीठ कमी करा म्हणतात.

"अजून?" एवढंच म्हणाले.

१० ऑगस्ट

झोप नाही.

१३ ऑगस्ट

ह्यांना बेटं बघायची आहेत. लग्नापासून ऐकतेय. भर समुद्रातली लहान लहान बेटं, बोट एकेकाला लागते, माणसं उतरतात, संध्याकाळी परत चढतात. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. कळकट खड्ड्यात उभं राहायचं आणि वर बघायचं, आणि वर काय, तर अंधार आणि दोर. म्हणायचे, एकदा अशा जागी उभं राहायचंय की कुठेही तोंड केलं तरी भिंत आडवी येणार नाही.

मग हे मशीन मागे लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुरुवातीला म्हणायचे, किडनी मिळाली की जाऊ. माझी चालली नाही, मला साखर निघाली. मुलीची घ्यायची नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्यावरून ती महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हती. राहता राहिली हॉस्पिटलची यादी. कोणीतरी जावं, त्याच्या घरच्यांनी हो म्हणावं, रक्त जुळावं, मग आपल्याला फोन. म्हणून उशाशी कायम फोन.

आता बेटांचं नावही काढत नाहीत.

१६ ऑगस्ट

मुलीचा फोन. अशी बोट आहे — बोटीवरच मशीन, डॉक्टर, सिस्टर, सगळं! आपल्यासारख्यांसाठीच. बारा दिवसांची फेरी, वर्षातून तीनदाच निघते. ती भरभर बोलत होती. मी दुकानात, समोर गिऱ्हाईक, चष्म्याची काडी सैल झाली म्हणून आलेलं. बोलण्याच्या नादात मी स्क्रू इतका आवळला की काडी मिटेचना. परत सैल करून दिली.

२० ऑगस्ट

अर्धा दिवस सुटी काढून बोटीच्या ऑफिसात जाऊन आले. ह्यांना सांगितलं नाही. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिच्याकडे बारा महिन्यांचा रंगीत तक्ता. ऑक्टोबर लाल — वादळं सरत आलेली असतात पण नेम नसतो, बोटीला वाट बदलावी लागते, कधी कधी एकही बेट लागत नाही. भाडं मात्र निम्मं. डिसेंबरअखेर पिवळी — सुट्ट्या, पोरंटोरं, गर्दी. फेब्रुवारी हिरवा. पाऊस नाही, उकाडा नाही. "पाणी अगदी ताटात ठेवल्यासारखं असतं, काकू."

मग म्हणाली, काही खास निमित्त आहे का? म्हटलं, हो. लग्नाचा वाढदिवस? म्हटलं, हो.

फेब्रुवारी म्हणजे सहा महिने. डॉक्टर म्हणाले या वर्षात. त्यांचं वर्ष कधी संपतं ते विचारायचं राहिलं.

२१ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं चेहरा खुलेल. ते नुसते हातावरची, मशीनच्या सुया टोचून फुगलेली शीर चोळत बसले. मग म्हणाले, "आणि नेमका तेव्हाच फोन आला तर?"

२३ ऑगस्ट

यादीवाल्या बाईंना भेटलो. बिचाऱ्या समजुतीने बोलतात. फोन आला की काही तासांत हॉस्पिटलात हजर व्हावं लागतं, बोटीवरून ते शक्य नाही. म्हणून तेवढे दिवस नाव बाजूला ठेवतात. कापत नाहीत, बाजूला ठेवतात. त्या दिवसांत जुळणारी किडनी आली तर ती पुढच्याला.

आणि ह्यांच्या रक्तगटात आता पहिलं नाव ह्यांचंच आहे. चार वर्षांनी पहिलं! पुढचं कोणाचं ते बाई सांगत नाहीत, पण मशीनच्या खोलीत सगळ्यांचं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मास्तरीणबाईंचं. ह्यांच्या शेजारच्याच खुर्चीत असतात. शाळेत गणित शिकवतात. एका हातात सुया आणि दुसऱ्या हाताने पेपर तपासणं. चाळिशीच्या आतबाहेर असतील. म्हातारी आई सोडायला येते आणि जिन्यात बसून राहते.

परत येताना हे म्हणाले, राहू दे. नको जाऊया.

मी म्हटलं, बघू.

४ सप्टेंबर

मशीनच्या खोलीतल्या मोठ्या सिस्टरना आज सहज विचारलं — फोन जास्त कधी येतात? त्याचाही काही हंगाम असतो का? विचारलं आणि जीभ चावली. त्यांना काही वाटलं नाही. उभी नोकरी त्या खोलीत गेलीय. सुया नीट लावता लावता म्हणाल्या, पावसात जास्त. रस्ते निसरडे होतात ना. वर्षअखेरीलाही येतात, लोक पिऊन गाड्या हाकतात. "फेब्रुवारी-मार्च मात्र आम्हाला कोरडे जातात बघा."

कोरडे.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. समुद्र शांत असतो तेव्हाच रस्तेही शांत असतात. म्हणजे लोक कमी मरतात तेव्हा आपण फिरून यायचं, आणि मरायला लागले की फोनपाशी येऊन बसायचं. इतकं सरळ बसलं सगळं. गॅस बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

५ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं सिस्टर काय म्हणाल्या ते. मग म्हणाले, "माणसं जपून गाड्या चालवतात तो महिना. चांगलाच म्हणायचा."

१८ सप्टेंबर

पाऊस. सकाळी बातम्यांत सांगितलं, वळणावर दोन गाड्या समोरासमोर. मी उठून फोनचं चार्जिंग बघून आले. मग कळलं मी काय केलं ते.

दिवसभर कोणाच्या नजरेला नजर देववली नाही. आणि कामच नेमकं लोकांच्या डोळ्यांत बघायचं.

१ ऑक्टोबर

फोन नाही. ह्यांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. पाणी मोजून पितात तरी. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात आणि मला वाटतं, मी समोर पाणी पिऊ नये. मोरीत जाऊन पिते.

१२ ऑक्टोबर

बोटीच्या ऑफिसातून फोन. लाल महिन्यातली फेरी रद्द झाली, वादळ आहे. ते सगळे लोक आता फेब्रुवारी मागताहेत, जागा थोड्या आहेत, काकू, तुमचं काय ते लवकर सांगा.

हे अजून हो म्हणत नाहीत. आज मी भांडले. चार वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढवला, शेजारी ऐकू गेला असेल. म्हटलं, कशाची वाट बघताय? डॉक्टर मिठाबद्दल काही बोललेच नव्हते! मग सगळंच सांगून टाकलं, हृदयाचं, वर्षाचं. सांगताना मला रडू यायला लागलं आणि रागही.

ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "माहीत होतं मला. मीठ कमी करायला सांगितलं म्हणालीस, आणि भाजी होती तशीच."

मी पदराने नाक पुसलं.

"फेब्रुवारीचं काढ," म्हणाले.

१३ ऑक्टोबर

काढलं. आमची मुलगी फोनवर रडली. मी नाही रडले, कालच रडून झालं होतं.

३१ डिसेंबर

आज फोनचा आवाज मोठा करून ठेवला. रात्री रस्त्यावर गाड्यांचे भोंगे, आरडाओरडा. दोघंही जागे, दोघांनाही माहीत दुसरा जागा आहे ते.

१ जानेवारी

फोन आला नाही. चहा देताना हे म्हणाले, सगळे सुखरूप घरी पोचले म्हणायचे. थट्टेने नाही म्हणाले. खरंच.

७ फेब्रुवारी

यादीवाल्या बाईंसमोर सही करून आलो. नाव बाजूला. त्या म्हणाल्या, परत आलात की मला लगेच कळवा, त्याच दिवशी पुन्हा चालू करते. मास्तरीणबाईंनी पेपरांतून मान वर करून सांगितलं, इकडची काळजी करू नका काका, निवांत जा. फार सरळ बाई आहेत.

बॅग भरताना ह्यांनी फोन आत टाकला, परत बाहेर काढला, परत टाकला. मी बघत होते. शेवटी म्हणाले, फोटो काढायला हवाच ना.

११ फेब्रुवारी, बोटीवर

पाणी खरंच ताटात ठेवल्यासारखं आहे. ती काउंटरवरची मुलगी खोटं बोलली नाही.

हे वरच्या डेकवर कठडा धरून उभे होते. मी त्यांचा स्वेटर आणायला खाली गेले, परत आले तर कठडा सोडून मधोमध उभे. जागच्या जागी हळूहळू वळत होते. एक चक्कर पूर्ण केली. मग दुसऱ्या बाजूने एक. मी लांबच थांबले. आजूबाजूचे लोक बघत होते, बघू देत.

१२ फेब्रुवारी

बोटीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडखळते म्हणे. मला तर काही जाणवलं नाही. ह्यांनी एका खलाशाला गाठलं, त्याला आपली भाषा येत नाही, ह्यांना त्याची. हातवारे करून दार, दोर, पुली सगळं समजावलं. संध्याकाळी तो खलाशी मेकॅनिकला घेऊन आला आणि दोघं ह्यांना आत घेऊन गेले. आले तेव्हा हात काळे आणि चेहरा असा, की मी चार वर्षांत बघितला नव्हता. जेवताना दोनदा म्हणाले, मी म्हटलं नव्हतं?

१३ फेब्रुवारी

इथली मशीनची खोली खिडकीपाशी आहे. नळीतून रक्त फिरतंय आणि बाहेर एक बेट हळूहळू मागे सरतंय. हे नेहमी मशीनवर डोळे मिटून पडतात. आज सगळा वेळ उघडे होते.

१५ फेब्रुवारी

बेटावर उतरलो. वाळू इतकी बारीक की पाय टाकला की आवाज येतो. हे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले. मी पण. दोघांचे पाय तळापर्यंत दिसत होते, जवळजवळ, आणि मधून लहान मासे.

तिथे एक बाई शहाळी विकत होती. ह्यांना शहाळं म्हणजे विष. एक घोटसुद्धा नाही, त्यातल्या क्षारांनी हृदय थांबेल. ते गेले आणि एक घेऊन आले. मी घाबरले. तर माझ्या हातात दिलं आणि समोर वाळूत बसले. "पी. सावकाश. आणि सांग कसं लागतं."

मी सांगत गेले. आधी किंचित खारट. मग गोड, पण साखरेसारखं नाही. गार आहे, दाताला लागतंय. खाली उतरताना छातीत कळतं. ते डोळे मिटून ऐकत होते. मी संपेपर्यंत सांगितलं.

"झालं," म्हणाले. "प्यायलो."

दिवसभरात त्यांनी फोनकडे एकदाही बघितलं नाही. मीही नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१७ फेब्रुवारी

काही नाही. समुद्र. दुपारी दोघंही ढाराढूर झोपलो.

२३ फेब्रुवारी

काल आलो. आल्या आल्या यादीवाल्या बाईंना कळवलं. आज मशीन.

शेजारची खुर्ची रिकामी. हे विचारायच्या आत मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मास्तरीणबाईंना मिळाली. सोळा तारखेला. कोणी बाई, घरीच होती, ओट्यापाशी उभी होती आणि डोक्यातली शीर फुटली. पाऊस नाही, रस्ता नाही, काही नाही.

सगळ्यांना माहीत होतं पहिलं नाव कोणाचं ते.

हे म्हणाले, "वा. फार चांगलं झालं." आणि सुईसाठी हात पुढे केला.

२४ फेब्रुवारी

ती आमची होती.

२५ फेब्रुवारी

काल जे लिहिलं ते परत वाचलं. आमची कशी? ती त्या ओट्यापाशी पडलेल्या बाईची होती. तिच्या घरात अजून तिची भांडी तिने लावली तशीच असतील. कोणीतरी कागदावर सही केली असेल, नवरा, नाहीतर मुलगा, आणि त्याचा हात चालला कसा असेल.

हे सगळं मला कळतं. तरी कालचं खोडवत नाही.

३ मार्च

हे मास्तरीणबाईंना बघायला जाऊन आले. काचेपलीकडून. मी नाही गेले, दुकानात काम आहे म्हटलं. काम नव्हतं. रिकाम्या फ्रेमा पुसत बसले.

आल्यावर सांगत होते, ओठांना रंग आलाय. पाणी पिते, पेलाभर, एका दमात. माझ्यासमोर प्यायली. सांगताना त्यांचा स्वतःचा घसा हलला. मी उठून आत गेले.

हे मागून आले. मी म्हटलं, मी नेलं तुम्हाला. महिना मी निवडला. तुम्ही नको म्हणत होतात. मी भांडून नेलं.

ते दारात टेकून उभे होते. जास्त वेळ उभं राहवत नाही आता. म्हणाले, "तेवढे दिवस मी आजारी नव्हतो. ते धरायचेच नाहीत का?"

मी त्यांना बसायला खुर्ची सरकवली.

१९ मार्च

मुलीने बोटीवरचे फोटो मोठे करून पाठवलेत. पाकीट उघडलं नाही. कपाटात ठेवलं, चादरींच्या खाली.

२ एप्रिल

ह्यांना दोन जिने चढवत नाहीत. मध्ये थांबतात आणि थांबलोय हे कळू नये म्हणून भिंतीवरच्या बटणाकडे, वायरींकडे बघत बसतात.

८ एप्रिल

डॉक्टरांनी आज दोघांना आत बोलावलं. हृदय आता ऑपरेशन सोसणार नाही. यादीतून नाव काढलं. बाजूला नाही — काढलं.

ह्यांनी विचारलं, मशीन चालू राहील ना? राहील. बरं, म्हणाले. दाराशी येऊन डॉक्टरांचा हात हातात घेऊन आभार मानले. कशाचे कोण जाणे.

मी विचारलं डॉक्टरांना, मागे राहून. फेब्रुवारीत झालं असतं तर? ते चष्मा काढून पुसत राहिले. "काही सांगता येत नाही हो." मी चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढला. माणूस चष्मा पुसतो तेव्हा त्याला तुमच्याकडे बघायचं नसतं.

आता उशाशी फोन ठेवायची गरज नाही. ठेवला.

२१ एप्रिल

मास्तरीणबाईंचा फोन. आवाज किती मोकळा झालाय! दोघंही घरी या, आई वाट बघतेय म्हणाल्या. मी म्हटलं, हे झोपलेत, उठले की सांगते.

हे समोर बसले होते. माझ्याकडे बघत होते.

२२ एप्रिल

मला तिचं चांगलं व्हायला नको आहे का? तसं नाही. पण तिने ते माझ्यासमोर होऊ नये. एवढंच मागणं आहे, आणि ते मागताना लाज वाटते.

५ मे

कडक ऊन. हे दिवसभर पडून. संध्याकाळी म्हणाले, एकदा भेटून तरी ये गं तिला. माझ्यासाठी. बरं म्हटलं. गेले नाही.

१९ मे

मास्तरीणबाई परत आल्यात. त्याच शेजारच्या खुर्चीत. शरीराने किडनी घेतली नाही, गेल्या आठवड्यात काढून टाकावी लागली. मला आज कळलं, ह्यांचा डबा घेऊन दारात उभी होते तेव्हा.

हे झोपले होते. मास्तरीणबाईंनीच मला बघितलं आणि मोकळ्या हाताने स्टूल जवळ ओढलं. बसले. त्यांचे ओठ पूर्वीसारखे पांढरे. मी डबा मांडीवर धरला.

मग त्या म्हणाल्या, "काकू, त्या बोटीला कोणत्या महिन्यात जावं हो?"

फेब्रुवारीत, मी म्हटलं. पाणी अगदी शांत असतं.